केस पेपरवरचा तो एक शेरा

(स्क्रीनवर: ‘गोळ्या नियमित घेत नाही.’)

हा शेरा नीट बघा. राऊंडला सर तो वाचतात, मान हलवतात आणि पुढच्या कॉटकडे जातात. मागे वही घेऊन उभा असलेला विद्यार्थी यातून काय शिकला? हा पेशंट बेजबाबदार आहे, एवढंच. गोळी जेवणानंतरची आहे आणि याला जेवण एकवेळच मिळतं, दवाखान्यात यायचं तर दिवसाची मजुरी बुडते, हे कुणी विचारलंच नाही.

नमस्कार. गरीब, बेघर, दुर्गम भागातल्या पेशंटबद्दल मेडिकलच्या मुलांना काय वाटतं आणि शिकता शिकता ते बदलतं का, हा आजचा प्रश्न.

बदलतं. १९९३ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला. वंचितांवर उपचार करण्याबद्दल शेवटच्या वर्षाच्या मुलांचा कल पहिल्या वर्षाच्या मुलांपेक्षा कमी निघाला. २००९ साली जेफरसन मेडिकल कॉलेजच्या अभ्यासात सहानुभूती घसरलेली दिसली ती तिसऱ्या वर्षी. म्हणजे पुस्तकं बाजूला ठेवून मुलं वॉर्डात जातात, नेमकं तेव्हा! सहानुभूती आणि वंचितांबद्दलचा कल या दोन गोष्टी एकच नाहीत, हे मान्य. पण दोन्हींची दिशा सारखीच.

मुलं वाईट नसतात हो. झोप नाही, परीक्षा डोक्यावर, आणि सिनियर ज्या सुरात पेशंटबद्दल बोलतो तोच सूर आपसूक उचलला जातो. वेल्समधल्या खाणकामगारांचे डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्येच लिहून ठेवलंय: जिथे गरज जास्त, तिथे चांगली सेवा कमी. ही दरी बुजवायची कुणी? याच मुलांनी ना?

जागतिक आरोग्य संघटना २०१० पासून सांगतेय की ग्रामीण भागातल्या मुलांना मेडिकलला आवर्जून प्रवेश द्या, शिकतानाच त्यांना तिथे पाठवा. मला हे करुणेवरच्या दहा लेक्चरपेक्षा जास्त पटतं. मात्र एका दिवसाचं शिबिर, बॅनर, फोटो असलं काही मी यात धरत नाही.

आता तोच शेरा पुन्हा.

(स्क्रीनवर: ‘गोळ्या नियमित घेत नाही. पहाटे कामावर जातो, रात्री परततो. दुपारचा डोस चुकतो.’)

हे वाचल्यावर पुढचा प्रश्न आपोआप येतो: दिवसातून तीनदाऐवजी एकदाच घ्यायची गोळी याला चालेल का?