दाब धरून ठेवणारं चामडं

(दृश्य : बोलपूर, सोनाझुरीचा हाट)

पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातलं बोलपूर. सोनाझुरीच्या झाडांखाली हाट भरलाय. कांथा भरतकामाच्या साड्या, डोकऱ्याचे म्हणजे ओतीव पितळेचे दागिने, बाऊल या फिरत्या लोकगायकांचं गाणं. आणि त्यातच एका चादरीवर मांडलेली चामड्याची वह्यांची कव्हरं, उठावदार नक्षीची. याच नक्षीचे बटवे आणि पाकिटं महाराष्ट्रातही कित्येक घरांत आहेत.

रवींद्रनाथ ठाकूरांनी 1922 साली शांतिनिकेतनजवळच्या सुरुल गावात श्रीनिकेतन उभं केलं. आसपासच्या खेड्यांना शेतीबरोबर हाताला दुसरं काम मिळावं, हा त्यामागचा एक हेतू. तिथे हे चर्मकाम रुजवलं त्यांचे चिरंजीव रथींद्रनाथ आणि सूनबाई प्रतिमादेवी यांनी. रथींद्रनाथ अमेरिकेत शेतीशास्त्र शिकून आलेले, पण लाकूडकामात आणि चामड्यात त्यांचा जीव रमायचा.

(दृश्य : कारागिराचे हात, ओला बोळा)

चामडं बकरीचं किंवा मेंढीचं, झाडांच्या सालींनी कमावलेलं. सगळी कला या कमावण्यावर उभी आहे. क्रोमियमने कमावलेल्या चामड्यावर ठसा नीट बसत नाही. सालीने कमावलेलं चामडं ओलसर असताना दाबलं, की तो दाब कायमचा धरून ठेवतं. ओल किती हवी, हे कारागिराच्या बोटांना ठाऊक. जास्त झाली तर रेघ पसरते, कमी पडली तर नक्षी उठतच नाही. मग ठसा, आणि त्यानंतर ब्रशने रंग, एकेक पाकळी.

(दृश्य : कडेची भोकं, वादी)

आता कडा. इथे शिलाई मशीन नाही. कडेने सारख्या अंतरावर भोकं पाडायची आणि चामड्याची बारीक वादी ओवत न्यायची. कोपऱ्यावर एकाच भोकातून वादी पुन्हा फिरवली, की वळणावर कड उघडी पडत नाही. कव्हर घेताना आधी कोपरे बघा. रेक्झिनवर छापलेली नक्षी विकणारेही आहेत, आणि शांतिनिकेतनी चर्मवस्तूंना भौगोलिक मानांकन मिळूनही ते थांबलेले नाहीत. याचं वाईट वाटतं, कारण रेक्झिनचे पापुद्रे सुटतात आणि नाव मात्र या हातांचं खराब होतं.

वही भरते, कव्हर राहतं. जुनी काढायची, नवी सरकवायची. ठशाचा दाब धरणारं हे चामडं वापरणाऱ्याचाही दाब धरतं. अंगठा टेकतो तिथे रंग गडद होतो, उंच पाकळ्यांवरचा रंग विरळ होत जातो. हे खराब होणं नव्हे. वीस वर्षं वापरलेलं कव्हर मला नव्यापेक्षा देखणं वाटतं.

आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. कोरड्या फडक्याने पुसा, वाऱ्यावर सावलीत ठेवा, उन्हात नको. वादी तुटली तरी भोकं जागेवर असतात. नवी वादी घरीही ओवता येते.