गोळा खाताना कपाळ का ठणकतं?

जळगाव. मे महिना. पारा 45 च्या आसपास, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. उन्हं कलली की मात्र बर्फाच्या गाड्यांभोवती ही झुंबड.

ही लादी बघा. भुशात आणि गोणपाटात गुंडाळून आलेली. पाणी मारून भुसा उतरवायचा, सळईनं टोचून तुकडे पाडायचे. तुकडा यंत्रात दाबायचा, एका हातानं चाक फिरवायचं आणि पात्याखाली पडणारा कीस दुसऱ्या हातानं झेलायचा. काडीभोवती दाबला की गोळा. वर कालाखट्टा.

शेजारी पॉट आइस्क्रीम. लाकडी पिंप, आत आटवलेल्या गोड दुधाचा डबा, भोवती बर्फ आणि खडेमीठ. मीठ कशाला? साखर घातलेलं दूध शून्य अंशावर गोठत नाही. मीठ पडलं की बर्फ शून्याच्या बराच खाली, उणे दहाच्याही पलीकडे जाऊन वितळू लागतो आणि त्याला लागणारी उष्णता दुधातून ओढून घेतो. दांडा थांबवायचा नाही, नाहीतर कडेला बर्फाचे खडे धरतात. दांडा जड झाला की आइस्क्रीम झालं. फ्रीजरमधल्या कपाला ही चव नाही. यावर आम्ही वाद घालायला तयार आहोत.

आता या पोराकडे लक्ष द्या. भलामोठा घास... दुसरा... आणि हात थेट कपाळावर! "ओ माय वं!"

गार गेलं तोंडात, दुखलं कपाळ. टाळूला आणि घशाच्या मागच्या भागाला बर्फ टेकला की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या एकदम आकसतात आणि लगेच फुगतात. ती कळ मेंदूकडे नेते ट्रायजेमिनल नावाची नस. कपाळाच्या संवेदनाही हीच नस नेते, म्हणून मेंदूची गल्लत होते. टाळूचं दुखणं तो कपाळाच्या नावावर मांडतो.

दोष बर्फाचा कमी, घाईचा जास्त. कॅनडात 145 शाळकरी मुलांवर झालेला एक प्रयोग 2002 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. निम्म्यांनी 100 मिलिलिटर आइस्क्रीम पाच सेकंदांत संपवायचं, बाकीच्यांनी अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ घेऊन. घाई करणाऱ्यांपैकी 27 टक्क्यांचं डोकं दुखलं, सावकाश खाणाऱ्यांपैकी 13 टक्क्यांचं. तेव्हा 'गाडीवरचं खाऊ नका' म्हणत गाडीवाल्याच्या नावानं बोटं मोडू नका. 'चावू नको, चोख' एवढं पोराला सांगा.

कळ आलीच तर जीभ टाळूला दाबून धरा, कोमट पाण्याचा घोट घ्या. अर्धशिशीवाल्यांना हा त्रास जास्त होतो. दहा मिनिटांतही ठणका गेला नाही, तर ते गोळ्याचं दुखणं नव्हे; डॉक्टरांना दाखवा.