टॉवेलचे 48 हजार आणि हुकूमनाम्यातला तक्ता

सोलापूरचा पूर्व भाग. सकाळचे सात वाजलेत आणि मागांची खटखट एवढी, की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. इथं चार मागांवर टॉवेल विणणाऱ्या एका मालकांचे 48 हजार बाजारातल्या एका व्यापाऱ्याकडं अडकले होते, चेक दिलेला पण वटला नाही, आणि फोन केला की एकच उत्तर, "गड्ड्याची यात्रा होऊ द्या मालक, देतो की ओ."

वर्षातून एकदा भरणाऱ्या अशा दोन यात्रा झाल्या. दावा लावायची मुदत तीन वर्षं, तरी हे थांबले, कारण कुणीतरी सांगितलेलं की कोर्टात गेलं की आधी आपल्यालाच डिपॉझिट भरायला लागतं.

या ऐकीव गोष्टीनं किती जणांची उधारी बुडाली असेल. कोर्ट फी भरावी लागते हे खरं, ती दाव्याच्या रकमेवर ठरते. पण समोरच्याच्या खर्चासाठी दावा लावणाऱ्याकडून तारण मागायचा जो नियम आहे, दिवाणी प्रक्रिया संहितेतली ऑर्डर 25, तो मुख्यतः परदेशात राहणाऱ्या आणि भारतात पुरेशी जमीन, घर नसलेल्या माणसासाठी आहे. पूर्व भागात स्वतःच्या घरात राहणाऱ्यानं त्याची धास्ती कशाला घ्यायची?

उलट चेक हातात असला की ऑर्डर 37 खाली समरी सूट, म्हणजे झटपट चालणारा दावा, लावता येतो, त्यात बचाव करायलाच व्यापाऱ्याला कोर्टाची परवानगी मागावी लागते आणि कोर्ट म्हणू शकतं, आधी पैसे भरा नाहीतर जामीन द्या. मालकांनी शेवटी तसाच दावा लावला, तर व्यापारी म्हणाला, 48 नाही, 20च हजार देणं लागतो. मग कबूल केलेले 20 हजार आधी कोर्टात भरा, त्याशिवाय परवानगी नाही, कायद्यातच तसं आहे.

आता निकालानंतर कोर्ट देतं तो कागद, हुकूमनामा, जवळून बघा. त्याच्या शेवटी खर्चाचा तक्ता असतो, दाव्याचा स्टॅम्प, वकीलपत्राचा स्टॅम्प, वकील फी, साक्षीदाराचा भत्ता, समन्स बजावणी. "खर्चासह मंजूर" म्हणजे हे पैसे व्यापाऱ्यानं द्यायचे. फक्त वकील फी नियमात बसेल तेवढीच धरतात, खिशातून गेलेली सगळी नाही, आणि तारखेला माग बंद राहिला त्याची मजुरी तर कुठंच नाही.

मला सगळ्यात खटकतं ते त्याच संहितेतलं कलम 35अ. समोरच्यानं खोटा बचाव करून तारखा वाढवल्या तर भरपाई जास्तीत जास्त 3,000 रुपये, हा आकडा 1976 सालचा आहे. तेव्हा 3,000 म्हणजे वचक होता, आज तेवढ्यात कोण घाबरणार? हा बदलायलाच पाहिजे.

कोर्टातला दावा लोकअदालतीत मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. आणि दावा लावायच्या आधीच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं तडजोडीसाठी अर्ज केला तर त्याला कोर्ट फीच नाही.

मालकांची आणखी एका दुकानदाराकडं 9 हजारांची उधारी आहे. यावेळी ते यात्रेची वाट बघत नाहीयेत, बिलाची झेरॉक्स काढून अर्जाला जोडतायत.