कूलरचं दुकान आणि एकपानी वेबसाईट: नागपुरातल्या छोट्या धंद्याने पानं कशी मांडावी

[कॅमेऱ्यासमोर, टेबलावर कोरा कागद आणि मार्कर]

नमस्कार. नागपुरात मार्च लागला की कूलर बाहेर निघतात. टाकी भरली, बटण दाबलं, आणि पंप नुसता घुरघुरतोय, पाणी काही वर चढत नाही. मग माणूस मोबाईल काढून गूगलवर टाकतो, "कूलर रिपेअर नियर मी". पुढच्या पाच मिनिटांत तो कुणाला तरी फोन करणार आहे. तो फोन तुमच्याकडे कसा येईल, त्यात वेबसाईटच्या मांडणीचा वाटा किती, एवढंच आज बघू.

उदाहरणाला कूलरचंच दुकान घेतो. समजा, नागपूरच्या महाल भागात आहे. तुमचा धंदा संत्रा बर्फीचा असो की इतवारीतला भांड्यांचा, हिशेब हाच.

छोट्या धंद्याची वेबसाईट बहुतेक एकाच लांब पानाची असते. वर फिरते फोटो, खाली "आमच्या संकेतस्थळावर आपले स्वागत आहे", मग "आमच्या सेवा" म्हणून सात शब्द, शेवटी एक फॉर्म. दिसायला टापटीप. पण गूगलच्या यादीत येतं ते एकेक पान, अख्खी वेबसाईट नव्हे. आणि या एका पानाकडून आपण सात वेगळ्या प्रश्नांची उत्तरं मागतोय.

[कागदावर लिहीत]

या दुकानाकडे येणारी माणसं बघा. एक, घरगुती गिऱ्हाईक. पंप बदलायचाय, वाळा नवा टाकायचाय. त्याला दोन गोष्टी कळायला हव्यात: आज येता का, आणि किती घेता. दुसरा, भाड्याच्या खोलीत राहणारा विद्यार्थी. त्याला चार महिने कूलर भाड्याने हवाय. तो डिपॉझिट विचारणार. तिसरा, हिंगणा किंवा बुटीबोरीतल्या कारखान्याचा माणूस. त्याला शेडसाठी डक्टिंग कूलर हवाय, म्हणजे डक्टमधून, मोठ्या नळीतून, हवा आत सोडणारा. तो हवेचा प्रवाह, डक्टची लांबी, विजेचा लोड आणि जीएसटी बिल विचारणार. हे तिघं एकमेकांचे शब्द वापरत नाहीत. विद्यार्थ्याला डक्ट माहीत नाही, कारखानेवाल्याला वाळ्याशी देणंघेणं नाही.

म्हणून एका कामाला एक पान. मुखपृष्ठ, त्याखाली दुरुस्ती, वाळा आणि पॅड बदलणे, भाड्याने कूलर, डक्टिंग कूलर. शिवाय "आमच्याबद्दल" आणि "संपर्क". सात पानं झाली. या दुकानाला पन्नास पानांची गरज नाही, आणि कुणी पन्नास पानांचं पॅकेज विकायला आला तर त्या पन्नास पानांवर काय लिहिणार, ते आधी विचारा.

एका पानावर किती लिहायचं? शब्दांचा ठरलेला आकडा नाही. गिऱ्हाईक फोनवर जे विचारतं ते सगळं आलं की पान पुरं झालं. दुरुस्तीच्या पानावर लिहा: व्हिजिट चार्ज किती, पंप बदलायचे साधारण किती, कोणत्या भागात येता, किती वाजेपर्यंत फोन केला तर त्याच दिवशी येता, लोखंडी आणि प्लॅस्टिक दोन्ही बॉडीचे कूलर करता का. "उत्कृष्ट सेवा, वाजवी दर" हे वाक्य खोडा. दर वाजवी आहेत ना? मग आकडा लिहा.

आता टायटल. शोधाच्या यादीत निळ्या अक्षरांत दिसते ती ओळ साधारण याच्यावरूनच बनते. बऱ्याच साईटवर सगळ्या पानांना एकच टायटल असतं, दुकानाचं नाव नाहीतर नुसतं "होम". दुरुस्तीच्या पानाला असं द्या: "नागपुरात कूलर दुरुस्ती: पंप, मोटर, वाळा", आणि शेवटी दुकानाचं नाव. पन्नास-साठ अक्षरांत बसवा. गूगल ही ओळ रुंदीवर कापतं, अक्षरं मोजून नाही, म्हणून कामाचा शब्द आधी, नाव मागे. टायटलखाली दिसणाऱ्या वर्णनाच्या दोन ओळींमुळे क्रमांक वर जात नाही, पण क्लिक वाढू शकतं. आणि कीवर्ड मेटा टॅगचे, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपवलेल्या शोधशब्दांच्या यादीचे, कुणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. वेब शोधाचा क्रम लावताना आपण तो टॅग वापरत नाही, हे गूगलने 2009 सालीच सांगितलंय.

पानाचा पत्ता, म्हणजे यूआरएल, रोमनमध्ये आणि लहान अक्षरांत ठेवा. शब्दांमध्ये आडवी रेघ, अंडरस्कोर नको. देवनागरी पत्ता चालतो, गूगलला तो कळतोही. अडचण व्हॉट्सअॅपवर पाठवताना येते. कॉपी केला की देवनागरीच्या एकेका चिन्हाची, मात्रासुद्धा धरून, टक्क्यांच्या खुणांसकट नऊ अक्षरं होतात. नुसत्या "कूलर"ची 36! असली लांबलचक लिंक बघून गिऱ्हाईकाला ती भानगडीची वाटते. आणि पत्त्यात साल घालू नका. एका वर्षी "cooler-bhade-2025" केलं की पुढच्या वर्षी नवं पान करावं लागतं आणि जुन्याने कमावलेलं मागे राहतं. पान तेच ठेवा, आतले दर बदला.

[स्क्रीनवर: डीटीपी बॅनरचा फोटो]

आता मराठी साईटचं खास दुखणं. मजकूर डीटीपीवाल्याकडून येतो, कृतिदेव किंवा तसल्याच जुन्या फॉन्टमध्ये. स्क्रीनवर मराठी दिसतं, आत मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी असते. गूगल फॉन्ट बघत नाही, आतली अक्षरं वाचतं. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे मोबाईलवर टाइप होतात तशा खऱ्या मराठी अक्षरांत. तपासणं सोपं आहे: पानावरचं एक वाक्य कॉपी करून व्हॉट्सअॅपमध्ये पेस्ट करा. मराठीच आलं तर ठीक, कचरा आला तर आधी तो मजकूर बदलून घ्या. दुसरं दुखणं, सगळी माहिती बॅनरच्या फोटोत. सेवा फोटोत, दर फोटोत, फोन नंबरसुद्धा फोटोत! त्या नंबरवर बोट ठेवून फोन लागत नाही. नंबर मजकुरात लिहा आणि दाबताच फोन लागेल अशी लिंक द्या.

फोटोंचंच निघालंय तर वजन बघा. मोबाईलवर काढलेला फोटो सहज चार-पाच एमबीचा असतो, आणि असे सहा फोटो मुखपृष्ठावर. रुंदी 1200 ते 1600 पिक्सेल करा, वेबपी (WebP) या हलक्या फोटो-स्वरूपात साठवा, दीड-दोनशे केबीत काम होतं. गूगलची अपेक्षा अशी की पानावरचा सगळ्यात मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा. पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग तपासणाऱ्या साईटवर पानाचा पत्ता टाकून मोबाईलचा निकाल बघा. डेस्कटॉपचा हिरवा आकडा बघून खूश होऊ नका, गूगल तुमचं पान मोबाईलचं म्हणूनच वाचतं. फिरते फोटो काढून एकच ठेवला तर बहुतेकदा अर्धं काम तिथेच होतं.

पानं एकमेकांना जोडायचीत. मेनूत सगळी यायला हवीत, पण मजकुरातूनही जोडा. दुरुस्तीच्या पानावर लिहिलं की "कूलर फार जुना असेल तर सीझनपुरता भाड्याने कूलर घेणं स्वस्त पडतं", तर "भाड्याने कूलर" या शब्दांवरच लिंक द्या. "इथे क्लिक करा"वर दिलेल्या लिंकमधून गूगलला पुढचं पान कशाचं, ते कळत नाही. ज्या पानाकडे एकही लिंक जात नाही ते गोदामात पडलेल्या मालासारखं: आहे, पण काउंटरवरून दिसत नाही.

आणि आता एक मोह. धरमपेठेसाठी एक पान, मनीषनगरसाठी एक, जरीपटक्यासाठी एक, मानेवाड्यासाठी एक. मजकूर तोच, नाव तेवढं बदललेलं. अशी तीस पानं करून देणारे भेटतील. गूगलच्या नियमांत यांना डोअरवे पानं म्हणतात आणि ती स्पॅममध्ये धरली जातात. त्याऐवजी "आम्ही कुठे येतो" असं एकच पान करा: भाग, तिथला व्हिजिट चार्ज, पोचायला लागणारा वेळ. एखाद्या भागात खरंच दुसरं दुकान असेल तर त्याला वेगळं पान जरूर द्या.

गूगलच्या नकाशासोबत दिसणारी दुकानांची यादी वेगळी. ती गूगल बिझनेस प्रोफाइलवरून, म्हणजे गूगलवरच्या तुमच्या दुकानाच्या नोंदीवरून, येते आणि तीन गोष्टींवर ठरते: शोधाशी जुळणं, अंतर आणि तुमची ओळख किती. अंतर तुमच्या हातात नाही. कोराडी रोडवरच्या माणसाला महालातलं दुकान पहिलं दाखवून देतो असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर हसून चहा पाजा आणि वाटेला लावा. प्रोफाइलचं नाव पाटीवर आहे तेच ठेवा. त्यात "बेस्ट कूलर रिपेअर नागपूर" जोडणं नियमाबाहेर आहे, आणि एप्रिलमध्ये प्रोफाइल निलंबित झालं तर सीझन गेला. गिऱ्हाईक दुकानात येतच नसेल, तुम्हीच घरी जात असाल, तर पत्ता लपवून सेवेचे भाग भरा; वीसपर्यंत भरता येतात. रिव्ह्यू मागायला हरकत नाही, पण रिव्ह्यूच्या बदल्यात सूट देऊ नका. आणि गूगलने प्रोफाइलसोबत दिलेली फुकटची वेबसाईट मार्च 2024 मध्ये बंद झाली. बिलबुकावर अजून तोच पत्ता छापलेला असेल तर तेवढं बदला.

[स्क्रीनवर: सर्च कन्सोल]

सगळं केलं, तरी साईट दिसत नाही? गूगलमध्ये रोमन अक्षरांत "site", कोलन आणि जागा न सोडता तुमचं डोमेन, म्हणजे साईटचं नाव, टाका. एकही पान आलं नाही आणि साईट वर्डप्रेसवर बनवलेली असेल, तर तिच्या सेटिंगमध्ये, रीडिंगखाली, शोध इंजिनांना परावृत्त करण्याची एक चौकट असते ती बघा. साईट बनवताना तिच्यावर खूण करतात आणि काढायची राहून जाते. मग सर्च कन्सोलवर, म्हणजे साईट गूगलच्या शोधात कशी दिसते ते दाखवणाऱ्या गूगलच्या साधनावर, मालकी सिद्ध करा आणि साइटमॅप, म्हणजे सगळ्या पानांच्या पत्त्यांची यादी, द्या. हे खातं आणि डोमेन, दोन्ही तुमच्या ईमेलवर घ्या, साईट बनवणाऱ्याच्या नको.

कन्सोलमध्ये 16 महिन्यांचे आकडे राहतात, म्हणून यंदाचा एप्रिल मागच्या एप्रिलशी ताडून बघता येतो. जे शोध आठव्या ते विसाव्या क्रमांकावर आहेत, दिसले बरेच पण क्लिक कमी, तिथून सुरुवात करा. त्या पानाचं टायटल सुधारा, राहिलेलं उत्तर लिहा, दुसऱ्या पानांवरून दोन लिंका द्या. साईट नव्याने बनवाल तेव्हा प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर 301 रीडायरेक्ट, म्हणजे आपोआप कायमचं वळण, लावून घ्या. सगळं मुखपृष्ठाकडे वळवलं तर जुन्या पानांचं वजन नव्या पानांना मिळत नाही.

राहता राहिला वेळ. अशा कामाचा परिणाम दिसायला चार महिने ते वर्ष धरा. मार्चचा सीझन हवा असेल तर पानं ऑक्टोबरात, दिवाळीच्या आगेमागे चढवा. आणि जूनमध्ये पाऊस पडला म्हणून भाड्याचं पान काढून टाकू नका. वर एक ओळ लिहा, "पुढच्या सीझनची बुकिंग फेब्रुवारीत सुरू", आणि खाली फोन नंबर राहू द्या.