कपाटातले पुस्तक आणि फोनमधली पीडीएफ

(पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

आयोजकांनी आजचा विषय प्रश्नाच्या रूपातच दिला आहे. जे पुस्तक मी पैसे मोजून विकत घेतले, त्याची पीडीएफ इंटरनेटवरून उतरवून घेतली तर ते बेकायदा ठरते का? पुण्यात हा प्रश्न केवळ वकिलांच्या कुतूहलाचा राहिलेला नाही. सदाशिव-नारायण पेठेतला एखादा वाडा पुनर्विकासाला गेला की दोन-तीन पिढ्यांची पुस्तके खोक्यांत भरली जातात, नव्या सदनिकेत त्यांना भिंत मिळत नाही, आणि एखाद्या व्हॉट्सअॅप गटावर ‘अमुक पुस्तकाची पीडीएफ आहे का?’ असे कुणी विचारले की चहा संपायच्या आत फाइल हजर होते. ज्याच्याकडे मूळ पुस्तक आहे त्याला यात काही गैर वाटत नाही. लेखकाचे पैसे मी एकदा दिले आहेत, आता पुन्हा कशाचे द्यायचे, असे तो म्हणतो. ही भावना मला समजते, पण कायद्याची मांडणी तिच्यावर झालेली नाही.

आपण पुस्तक विकत घेतो तेव्हा त्या एका प्रतीचे मालक होतो. ती प्रत वाचावी, मित्राला द्यावी, अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याला विकावी. यात कुणाची परवानगी लागत नाही, कारण एकदा बाजारात आलेल्या प्रतीच्या पुढच्या प्रवासावर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १४ लेखकाला हक्क देत नाही. नवी प्रत तयार करण्याचा हक्क मात्र लेखकाकडे, किंवा ज्याला त्याने तो लिहून दिला त्याच्याकडे राहतो, आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमात मजकूर साठवणे हीसुद्धा प्रत करणेच होय, असे याच कलमात स्पष्ट म्हटले आहे. फाइल उतरवताना आपल्या फोनमध्ये एक नवी प्रत जन्माला येते. तेव्हा विचारायचे ते एवढेच, की या नव्या प्रतीला कायद्याने कोणता अपवाद दिला आहे.

तो अपवाद कलम ५२(१)(क) मध्ये आहे. खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठी, ज्यात संशोधनही येते, केलेला ‘उचित व्यवहार’ हा हक्कभंग नव्हे. २०१२ च्या दुरुस्तीने यात एक स्पष्टीकरण घातले, की या कारणांसाठी कोणतीही कृती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवली तर तो हक्कभंग ठरणार नाही. त्यामुळे आपलेच पुस्तक टेबलावर ठेवून, पुठ्ठा हाताने दाबून धरत, फोनच्या कॅमेऱ्याने एकेक पान टिपणारा आणि ती फाइल स्वतःच्या टॅबवर मोठ्या अक्षरात वाचणारा वाचक माझ्या मते बऱ्याच भक्कम जमिनीवर उभा आहे. ती फाइल त्याने गटावर टाकली की वापर खासगी राहत नाही आणि अपवादाचे छत्रही जाते.

ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयांसाठी याच कलमात वेगळी तरतूद आहे. स्वतःच्या संग्रहात छापील प्रत असेल तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक रूपात साठवता येते. १८४८ साली सुरू झालेले नगर वाचन मंदिर ज्या शहरात आहे, आणि १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांतल्या घराघरांतली पुस्तके ज्या शहराने गमावली, तिथे या तरतुदीचे मोल वेगळे सांगायला नको.

आता मूळ मुद्दा. स्वतः स्कॅन करणे आणि दुसऱ्याने कुठेतरी चढवलेली फाइल उतरवणे, या दोन्हींतून हाती येणारी वस्तू जवळपास सारखीच असते. मग कायद्याच्या लेखी फरक कुठे पडतो? वाचकाच्या बाजूचा वकील २०१२ च्या स्पष्टीकरणावर बोट ठेवील. ‘स्वतः हक्कभंग करणारी नसलेली प्रत’ ही अट तिथे फक्त संगणक-प्रणालीला जोडलेली आहे. पुस्तकाला ती लावायची असती तर संसदेने लावली असती, असे तो म्हणेल. परदेशातून एखाद्या कृतीची एकच प्रत घरगुती वापरासाठी आणणाऱ्याला कलम ५१ सूट देते, हेही तो पुढे करील. युक्तिवाद पोरकट नाही. पण व्यवहार उचित असला पाहिजे ही अट तरीही उरते, आणि चोरून चढवलेल्या फाइलवर उभा राहिलेला व्यवहार उचित कसा, याचे उत्तर वाचकालाच द्यावे लागेल.

युरोपीय न्यायालयाने नेदरलँड्समधल्या एका प्रकरणात १० एप्रिल २०१४ रोजी सांगितले की खासगी प्रतीची सवलत बेकायदा स्रोतावरून केलेल्या प्रतीला मिळत नाही. अमेरिकेतले एक जुने प्रकरण तर आपल्या प्रश्नाची जवळजवळ नक्कल आहे. २००० साली एमपीथ्री डॉट कॉम या कंपनीने हजारो सीडी विकत घेऊन आपल्या सर्व्हरवर उतरवल्या. ग्राहकाने स्वतःची सीडी संगणकात घालून मालकी सिद्ध केली की ती गाणी त्याला कुठूनही ऐकता येत. ग्राहकाकडे सीडी आहे, मग बिघडले काय, हा कंपनीचा बचाव न्यायालयाने फेटाळला. खटला श्रोत्यांवर नव्हता, कंपनीवर होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पुढे जून २०२५ मध्ये अँथ्रॉपिक या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीविरुद्धच्या खटल्यात तिथल्या जिल्हा न्यायालयाने दोन्ही बाजू एकाच निकालात दाखवल्या. विकत घेतलेली छापील पुस्तके उसवून स्कॅन करणे न्याय्य वापरात, म्हणजे आपल्या ‘उचित व्यवहारा’सारख्याच तिथल्या अपवादात, बसले. चोरट्या संग्रहातून आधी उतरवलेल्या फाइलचे दायित्व मात्र तेच पुस्तक नंतर विकत घेतल्याने संपत नाही, असे न्यायाधीशांनी लिहिले. हे निकाल आपल्यावर बंधनकारक नाहीत, तरी वारा कुठून वाहतो ते त्यांतून कळते.

आपल्याकडे उचित-अनुचित ठरवताना किती मजकूर घेतला, कशासाठी घेतला आणि मूळ कृतीशी स्पर्धा होते का, या तीन कसोट्या केरळ उच्च न्यायालयाने १९९६ साली एका नाटकाच्या प्रकरणात मांडल्या. पीडीएफमध्ये मजकूर सगळाच घेतलेला असतो. म्हणून सारा भार तिसऱ्या कसोटीवर येतो. पुस्तकाची अधिकृत ई-आवृत्ती विकत मिळत असेल तर फुकट फाइल तिच्याच पोटावर पाय देते; मराठीत जिथे हजार प्रतींची आवृत्ती संपायला वर्षे लागतात तिथे हा पाय जोरात बसतो. पुस्तक वर्षानुवर्षे छापलेच गेले नसेल तर पारडे वाचकाकडे झुकू शकते.

टॉरेंटने उतरवणाऱ्यांना एक सावधगिरीची सूचना. त्या पद्धतीत फाइलचे तुकडे घेता घेता तुमचे यंत्र तेच तुकडे इतरांना पुरवत असते. म्हणजे नकळत आपण वितरक होतो, आणि वितरण हा खासगी वापर नव्हे.

शिक्षेची भीती कितपत? कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे, पण तो जाणूनबुजून केलेल्या भंगासाठी, आणि व्यापारी लाभ नसेल तर न्यायालय कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते. प्रकाशकांचा रोख सहसा फायली चढवणाऱ्या संकेतस्थळांवर असतो; २०२० साली दिल्ली उच्च न्यायालयात दाखल झालेला दावा असाच, शोधनिबंध आणि पुस्तके परवानगीविना फुकट पुरवणाऱ्या साय-हब आणि लिबजेन या संकेतस्थळांविरुद्धचा आहे. घरी बसून एक पुस्तक उतरवणाऱ्याच्या दारात पोलीस येण्याची शक्यता कमीच, पण पकडले न जाणे आणि कायदेशीर असणे या दोन गोष्टी आपण पुणेकरांनी तरी वाहतुकीच्या सिग्नलपाशी वेगळ्या ओळखायला हव्यात.

काही पुस्तकांबाबत हा वादच उद्भवत नाही. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे मोजायची; तोवरच कॉपीराइट टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचे लेखन १ जानेवारी २०११ पासून खुले आहे, पुस्तक तुमच्या कपाटात असो वा नसो. पु. ल. २००० साली गेले. त्यांच्यासाठी २०६० चे वर्ष सरावे लागेल. मात्र खुल्या पुस्तकाला जोडलेली नवी प्रस्तावना किंवा नवा अनुवाद याचे हक्क स्वतंत्र असतात. तसेच, छापील मजकूर वाचता न येणाऱ्या अपंग व्यक्तीसाठी सुलभ रूपातली प्रत करण्याची आणि तिला ती देण्याची मुभा २०१२ पासून कायद्यातच आहे.

शेवटी, सुरुवातीलाच चिठ्ठीवर आलेल्या एका प्रश्नाकडे वळतो. पुस्तक स्कॅन केले, मग जागेअभावी चौकात विकून टाकले. फाइल ठेवता येईल का? माझे मत नाही असे आहे. विकलेल्या प्रतीबरोबर ती वाचण्याची संधी दुसऱ्याकडे गेली, तुमची फाइल मात्र मागे राहिली, म्हणजे एका किमतीत दोन घरांत दोन प्रती झाल्या, आणि अशा प्रतीला ‘उचित’ म्हणायला मी तरी न्यायालयात उभा राहणार नाही. पुस्तक विकायचेच असेल तर फाइल पुसा. फाइल हवी असेल तर पुस्तक माळ्यावर का होईना, पण ठेवा.