अक्षरं पेटलेली असताना

नमस्कार श्रोतेहो.

विजयानंद, सर्कल, मधुकर, चित्रमंदिर, हेमलता आणि नाशिकरोडचं अनुराधा. ही नावं घेतली की जुन्या नाशिककराला आधी सिनेमा आठवत नाही, आधी पाटी आठवते. लांबून दिसणारं टॉकीजचं नाव, त्याखाली चालू खेळाचं पोस्टर, बाजूला काचेच्या कपाटात टाचण्यांनी लावलेली फोटोकार्डं आणि तिकीट खिडकीवर अडकवलेला हाऊसफुल्लचा पत्रा. आज मला या पाट्यांचे, आणि त्यातही निऑनच्या पाट्यांचे, फोटो कसे काढावेत याबद्दल बोलायचं आहे.

हे काम नाशिककरांनी करायलाच हवं असं मला वाटतं. दादासाहेब फाळके 1870 साली आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मले. 1918 साली त्यांची हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी नाशिकमध्ये सुरू झाली आणि 1944 साली त्यांनी याच गावात डोळे मिटले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, ते चांगलंच आहे. पण सिनेमा गावात शिरला तो टॉकीजच्या दारातून, आणि त्या दारावर जे लिहिलं होतं तेही जपायला हवं.

पहिली गोष्ट, वेळ. निऑनचा फोटो दिवेलागणीला काढायचा. सूर्य मावळल्यावर साधारण वीस मिनिटांनी आकाश गर्द निळं होतं. तेव्हा अक्षरंही उजळलेली दिसतात आणि मागची भिंत, छज्जा, खिडक्याही दिसतात. रात्र झाली की काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं तरंगतात, टॉकीज नाहीसं होतं. पुन्हा सांगतो, आकाश निळं असताना काढायचा, काळं झाल्यावर नाही.

दुसरी गोष्ट, उजेड कमी ठेवायचा. मोबाईल असेल तर पडद्यावर अक्षरावर बोट टेकवा, शेजारी सूर्याचं चिन्ह येईल, ते खाली ओढा. चित्र काळोखं वाटेल, वाटू द्या. नाहीतर नळी पांढरीफटक येते आणि तिचा नारिंगी रंग उडून जातो. कॅमेरा असेल तर ट्रायपॉड लावा आणि शटर एक पन्नासांश सेकंद किंवा त्याहून सावकाश ठेवा. आपली वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे नळी सेकंदाला शंभर वेळा उजळते आणि मंदावते. शटर फार जलद ठेवलं तर एखादं अक्षर अर्धवट येतं, कधी फोटोवर पट्टे उमटतात.

निऑनबद्दल थोडंसंच सांगतो. काचेची पोकळ नळी ज्योतीवर मऊ करायची, एका टोकाच्या रबरी नळीतून हलकी फुंकर घालत ती अक्षराच्या आकारात वाकवायची, दोन्ही टोकांना इलेक्ट्रोड बसवायचे, आतली हवा काढून निऑन वायू भरायचा आणि काही हजार व्होल्टचा दाब द्यायचा. जॉर्ज क्लोद यांनी असा दिवा 1910 साली पॅरिसच्या प्रदर्शनात दाखवला. निऑनचा स्वतःचा रंग लालसर नारिंगी. निळं दिसतं तिथे बहुधा आरगॉन आणि पाऱ्याचा थेंब असतो. काही हजार व्होल्ट म्हणालो ते लक्षात असू द्या. पाटीला हात लावायचा नाही, बंद दिसली तरी लावायचा नाही.

आता मला मनापासून सांगायची आहे ती हकिकत.

गावातलं एक टॉकीज. नाव घेत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. खेळ बंद होऊन बरीच वर्षं झाली होती आणि इमारत पाडायचं ठरलं होतं. दर्शनी भिंतीवर निऑनची अक्षरं मात्र तशीच होती, धुळीनं करडी पडलेली. मालक हयात नव्हते. मी काकूंना जाऊन भेटलो आणि फोटोची परवानगी मागितली. काकू म्हणाल्या, "विझलेल्या पाटीचा फोटो काय काढता? मामांना विचारा, पेटते का."

मामा म्हणजे टॉकीजचे वायरमन. पंचवटीत राहायचे, सत्तरी ओलांडलेली. मी विषय काढला तर त्यांनी एकच प्रश्न केला, "ट्रान्सफॉर्मर जागेवर आहे ना?" आहे म्हटलं. "मग पेटेल. नळी फुटली नसेल तर आतला वायू जाईल कुठं?"

इमारतीची वीज कधीच तोडलेली होती. शेजारच्या भांड्यांच्या दुकानदारांनी आपल्या मीटरवरून वायर दिली. मामा सकाळीच नातवाला घेऊन वर चढले. एकेका अक्षराच्या टोकाची रबरी टोपी काढायची, इलेक्ट्रोड पुसायचा, वायर वाकवून बघायची, तडकलेली दिसली की बदलायची. पावसाळ्याचे दिवस. ओल राहिली तर ठिणगी उडते, म्हणून सगळं कोरडं होईपर्यंत त्यांनी बटणाला हात लावू दिला नाही. अक्षरं जोडणारे काचेचे तुकडे काळ्या रंगानं झाकलेले असतात, तो रंग ठिकठिकाणी उडाला होता. मामांनी छोट्या ब्रशनं तो पुन्हा भरला. मला म्हणाले, "हा रंग नसेल तर दोन अक्षरं एकमेकांत शिरतात, नाव वाचताच येत नाही. देवनागरीत सगळ्यात त्रास अनुस्वाराचा. एवढ्याशा टिंबासाठी नळी मागून पुढं आणायची आणि परत मागं न्यायची."

संध्याकाळी मी रस्त्यापलीकडे ट्रायपॉड लावून उभा राहिलो. पाऊस थांबला होता, रस्ता ओला होता. वरून मामांची हाक आली, "लावतो रे!" आणि अक्षरं पेटली. एक सोडून सगळी एकदम. ते एक थरथरत राहिलं, मग तेही स्थिरावलं. खाली ओल्या रस्त्यावर सगळं नाव उलटं उमटलं.

आणि श्रोतेहो, रस्ता थांबला. रिक्षावाल्यांनी रिक्षा कडेला घेतल्या. भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका थबकल्या. एक आजोबा नातवाचा हात धरून थेट तिकीट खिडकीकडे गेले. खिडकीवर फळ्या ठोकलेल्या. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "अहो, कोणता लागलाय?"

मला काय उत्तर द्यावं सुचेना. भांडीवाल्यांनीच त्यांना सगळं सांगितलं.

मी मामांना खाली बोलावलं. ते म्हणाले, "खाली येऊन काय करू?" त्यांची सगळी नोकरी पाटीच्या मागे गेलेली. संध्याकाळी पाटी लावायची आणि लगेच आत पळायचं, कारण आत पंखे, दिवे, पडद्याची मोटार. अक्षरं त्यांनी जास्त करून मागूनच पाहिलेली, उलटी. शेवटी नातवानं त्यांना आणलं. भांड्यांच्या दुकानापुढे उभे राहून त्यांनी बराच वेळ वर पाहिलं आणि म्हणाले, "काना वाकडा बसलाय."

कुठला, मी विचारलं. "दुसऱ्या अक्षराचा. फुटला तेव्हा मीच नवा आणून बसवला होता. वरून सरळ दिसायचा." आणि ते लगेच पक्कड घेऊन वर निघाले. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, मामा, राहू द्या, उजेड चाललाय. ते तिथेच उभं राहून बोटानं तो काना दाखवत राहिले आणि मी फोटो घेतला. नुसत्या पाटीचाही चांगला फोटो आहे, पण मी लोकांना दाखवतो तो हा, मामांचं वर केलेलं बोट आणि त्यांच्या चेहऱ्यावर पडलेला नारिंगी उजेड.

काकू रिक्षातून आल्या होत्या, पण उतरल्या नाहीत. रिक्षात बसूनच बघत होत्या. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "नऊच्या खेळापर्यंत चालू ठेवता येईल का?" भांडीवाले म्हणाले, "ठेवा की, काकू. बिलाचं मी बघतो." नऊ वाजेपर्यंत पाटी चालू राहिली. ती इमारत आता नाही.

इथे एक बोलतोच. आज जुन्या पाट्यांपुढे वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात. एखाद्या कारागिरानं हातानं वाकवलेलं अक्षर महिनोन् महिने त्यामागे झाकलेलं राहतं, हे मला सहन होत नाही. दुकानदारांनाही माझी विनंती आहे, अजून ब्रशनं पाट्या रंगवणारे पेंटर आपल्याकडे आहेत, त्यांना काम द्या. त्यांची वेलांटी बघा, रफार बघा. आणि संध्याकाळी मेनरोडवर गाड्या बंदच ठेवायला हव्यात, माणसांना मान वर करून चालता आलं पाहिजे. असो, हा विषय वेगळा आहे.

राहिलेलं थोडक्यात. पाटीच्या बरोबर समोर उभे राहा, शक्य असेल तर समोरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरून काढा, म्हणजे अक्षरं मागे झुकलेली दिसत नाहीत. एक फोटो जवळून घ्या, नळीचं वळण आणि काळा रंग दिसेल असा. आणि एक लांबून घ्या, शेजारची रसवंती, पानाची टपरी, विजेच्या तारा सगळं त्यात येऊ द्या. तारा पुसून टाकू नका. पाटी पेटत नसेल तर सकाळच्या तिरप्या उन्हात जा, नळीची सावली भिंतीवर पडते आणि नाव दोनदा वाचता येतं. आत जायचं तर मालकांना विचारूनच जा.

फोटोची प्रिंट काढा. मागे पेन्सिलीनं टॉकीजचं नाव, रस्ता, तारीख आणि तुम्ही कुठे उभे होतात ते लिहा. अशा दोन प्रिंट काढा. एक तुमच्याकडे ठेवा, दुसरी टॉकीजवाल्यांच्या घरी नेऊन द्या. मोबाईलवर पाठवू नका, हातात द्या. बसा म्हणाले तर बसा, आणि पाटी कुणी केली होती ते विचारा. जे सांगतील तेही त्याच प्रिंटच्या मागे लिहून ठेवा.

नमस्कार.