कचऱ्याच्या डब्यातला तंबोरा

मंडळी, आधी एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी एका गायिका मैत्रिणीचा यमन मी घरी रेकॉर्ड केला. झोपायची खोली, भिंतीला टेकवलेल्या गाद्या, दाराच्या फटीत चादर. तरीही मागे फ्रिजची घरघर आलीच. मी खरखर काढणारं प्लगिन, म्हणजे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडायचं छोटं साधन, लावलं, स्लायडर जोरात ओढला, घरघर गेली. खूश होऊन फाइल पाठवली. संध्याकाळी तिचा फोन आला, "गाणं ठीक आहे रे, पण तंबोऱ्याचं काय केलंस?"

हेडफोन लावून पुन्हा ऐकलं आणि लाज वाटली. ती गात असताना तंबोरा ऐकू येत होता, ती श्वासाला थांबली की तोही थांबत होता. जणू तंबोरा छेडणारा माणूस तिच्या तोंडाकडे बघत बसला होता.

हे का झालं, ते आधी समजून घेऊ. प्लगिनांची नावं नंतर.

खरखर काढायच्या प्लगिनला संगीत कळत नाही. ते आवाजाचे बारीक तुकडे करतं. समजा एका तुकड्यात २०४८ नमुने, म्हणजे सॅम्पल, आवाजाच्या एकेक क्षणाच्या मोजण्या, घेतले. सेकंदाला ४४,१०० नमुने असतील तर तो तुकडा साधारण ४६ मिलिसेकंदांचा झाला. प्रत्येक तुकड्यात वारंवारतेच्या कुठल्या पट्टीत किती जोर आहे, हे ते मोजतं. आपण आधी नुसत्या खरखरीचा नमुना, म्हणजे तिचा छोटा मासला, दिलेला असतो. ज्या पट्टीतला जोर त्या नमुन्याच्या आसपास भरतो, ती पट्टी खाली दाबायची, बाकीच्या सोडायच्या. १९७९ साली स्टीव्हन बोल यांनी वर्णपटातून खरखर वजा करण्याची जी रीत मांडली, ती याच घराण्यातली. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधल्या ReaFIR प्लगिनचा वजाबाकीचा मोड आणि ऑडॅसिटी या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधलं नॉइज रिडक्शन याच वाटेनं चालतात.

आता बोल यांचं काम होतं बोलण्याच्या आवाजावर. बोलणं सतत बदलतं. शब्द येतो, जातो, मध्ये शांतता. जे हलत नाही ते पंख्याचं, इंजिनाचं, म्हणजे टाकाऊ. बोलण्यापुरतं हे गृहीत चोख आहे. आपल्या गाण्यात मात्र जे हलत नाही, त्याच्याच आधारावर सगळं उभं असतं. तंबोरा अखंड वाजतो, हळू वाजतो आणि जवारीमुळे, म्हणजे घोडीवर तार झिणझिणते त्यामुळे, त्याचे स्वरांश, मूळ स्वरासोबत वाजणारे वरचे स्वर, खूप वरपर्यंत पसरलेले असतात. प्लगिनच्या नजरेला तो फ्रिजचा चुलतभाऊच. काही प्लगिनांत आपोआप शिकत राहायचा मोड असतो, गाणं चालू असतानाच खरखर ओळखत जाणारा. मुलाखतीसाठी तो छान. तंबोऱ्यावर तो लावू नका, एवढंच सांगतो.

मग नमुना द्यायचा कुठून? इथे आपली एक सवय आड येते. गायक बसला की आधी तंबोरा सुरू होतो आणि शेवटी टाळ्यांनंतर थांबतो. सबंध रेकॉर्डिंगमध्ये खोलीची नुसती शांतता कुठेच नसते. म्हणून मी आता हट्टच धरतो, की तारेला हात लावायच्या आधी दहा सेकंद सगळ्यांनी गप्प बसायचं. तबलजींनी हातोडी खाली ठेवायची, कुणी चहाचा कप हलवायचा नाही. ती दहा सेकंदं हाच नमुना. इलेक्ट्रॉनिक तंबोरा असेल तर प्रश्नच नाही: गायकाच्या हेडफोनमध्ये द्या आणि वेगळ्या ट्रॅकवर घ्या.

आता गुणगुण, ज्याला सगळे हम म्हणतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हम ५०, १००, १५०, २०० अशी पायऱ्यांनी येते. पांढरी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीला सा धरून, गाणारा पुरुष गायक घ्या. त्याचा षड्ज साधारण १३०.८ हर्ट्झ. तंबोऱ्याची पहिली तार मंद्र पंचमाची, म्हणजे ९८ च्या आसपास. आणि शेजारी १०० वर वीज मंडळ गातंय! दोघांत दोन हर्ट्झचं अंतर, म्हणून सेकंदाला दोन हेलकावे. गायक म्हणतो पंचम लागत नाहीये, खुंटी पिळत बसतो. खुंटीचा दोष नसतो हो, दोष भिंतीतल्या तारांचा.

मघाच्या खरखरीच्या प्लगिननं ही हम काढता येईल का? नाही. २०४८ नमुन्यांच्या तुकड्यात एका पट्टीची रुंदी साडेएकवीस हर्ट्झ भरते. त्यात ९८ आणि १०० एकाच घरात राहतात. एकाला काढायला गेलात की दुसराही जातो. त्यासाठी डी-हम, म्हणजे नेमक्या जागी खोल आणि अरुंद खाच पाडणारा फिल्टर हवा. पण खाच फार अरुंद केली, तर फिल्टर स्वतःच घुमायला लागतो. शिवाय ग्रिडची वारंवारताही जागेवर बसत नाही, थोडी खालीवर होत राहते. म्हणून कानानं ऐकत, पंचमाची तार पातळ होत नाही ना ते बघत, ती खाच थोडी थोडी रुंदवायची.

त्यापेक्षा आधी एक करा: लॅपटॉपचा चार्जर काढा. खरंच. दोन पिनांचा, अर्थिंग नसलेला चार्जर हे घरगुती रेकॉर्डिंगमधल्या हमचं नेहमीचं घर आहे. बॅटरीवर लॅपटॉप चालवला आणि हम गेली, असं मी इतक्यांदा पाहिलंय की हल्ली कुणी प्लगिन विचारलं की मी आधी चार्जर विचारतो. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरही तसाच. पंखा पूर्ण तरी चालवा, नाहीतर बंद करा. मे महिन्यात बंद करा म्हणणारा मी खलनायक ठरतो, ते मान्य.

क्रमाबद्दल थोडं. दुरुस्ती सगळ्यात आधी. कॉम्प्रेसर, इक्यू (स्वरांचा जाडबारीकपणा बदलणारं), रिव्हर्ब (घुमारा देणारं) त्यानंतर. कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो, मग आपण एकूण पातळी वाढवतो, आणि लपलेली खरखर गायकाच्या खांद्याला खांदा लावून उभी राहते. दुरुस्तीतही फाटलेला आवाज पहिला. तानेत गायक माइककडे झुकला, लहरीची डोकी छाटली गेली, तर डी-क्लिप नावाचं साधन आजूबाजूची वळणं बघून ती डोकी पुन्हा रेखतं. रेखलेली डोकी जुन्या छताच्या वर जातात, म्हणून पातळी आधी काही डेसिबलांनी उतरवून ठेवा, नाहीतर फाइल काढताना पुन्हा छाटली जातील. आणि २४ बिटमध्ये रेकॉर्ड करत असाल तर गेन, म्हणजे माइकची पातळी, इतकी वर ठेवायचं कारणच नाही. शिखर मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिलं तरी भरपूर झालं.

कुकरच्या शिट्टीचं मात्र मला आवडतं. आयझोटोप आरएक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाचं चित्र दिसतं, आडवा वेळ, उभी वारंवारता. शिट्टी त्यात रेघांसारखी उठून दिसते. तेवढीच निवडायची आणि आजूबाजूच्या रंगानं भरून टाकायची, भिंतीवरचा ओरखडा लांबी भरून बुजवावा तसं. हे काम रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या ट्रॅकवर चालू ठेवलेल्या प्लगिनपेक्षा वेगळ्या खिडकीत, एकेक जागा गाठून केलेलं बरं. झालं की नवी फाइल करून ट्रॅकवर आणा. मूळ फाइल पुसू नका; सहा महिन्यांनी तुमचा कान बदललेला असतो.

आणि त्या यमनानंतर लागलेली सवय. मी प्लगिननं काय ठेवलं ते ऐकत नाही, काय फेकलं ते ऐकतो. बऱ्याच ठिकाणी त्यासाठी बटण असतं. ऑडॅसिटीत त्याला रेसिड्यू म्हणतात. बटण नसेल तर मूळ आणि दुरुस्त असे दोन ट्रॅक तंतोतंत जुळवून लावा, एकाची पोलॅरिटी उलटी करा, म्हणजे त्याची लहर वरची खाली, खालची वर. सारखं ते सगळं एकमेकांना खाऊन टाकतं, उरतो फक्त कचरा. त्या कचऱ्यात नुसती सळसळ असेल तर ठीक. त्यात 'स'चा शेवट, श्वास, जवारीची झिणझिण ऐकू आली की स्लायडर मागे घ्या. मी बारा डेसिबल खरखर कमी करण्यापासून सुरुवात करायचो, आता सहावर थांबतो. थोडी खरखर राहते. राहू दे की.

आता तुम्हाला करूनच दाखवतो. तंबोरा जुळलेला आहे, माइक चालू आहे. मागे कुणीतरी तो पंखा बंद करा. आणि तारेला हात लावायच्या आधी दहा सेकंद, कृपया, कुणीही खोकू नका.